दोन तासांची कूस आणि चोवीस तासांची बाई

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘पेशंट सांभाळायला २४ तास राहणारी बाई पाहिजे’ ही ओळ इंदूरच्या मराठी वस्त्यांत आता रोजची झाली आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, कुठेही जा. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी, घरी सत्तरी-ऐंशीचे दोघे, आणि त्यांतले एक अंथरुणाला खिळलेले. बाया पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी धार, झाबुआ, बडवानी किंवा खरगोनकडची एखादी बाई पिशवी घेऊन दारात उभी राहते. तिला काय काय येते हे कोणी विचारत नाही आणि ती झोपणार कधी हेही कोणी विचारत नाही. आम्ही परिचर्या शिकवणाऱ्या. त्या एका ओळीतला हिशेब कुठे चुकतो ते मांडावे, म्हणून हे पत्र.

ज्याला स्वतःहून कूस वळवता येत नाही, त्याची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. म्हणजे दिवसरात्रीत १२ वेळा. कूस नीट बदलायची, डायपर पाहायचा, कातडी पाहायची, उशा लावायच्या, तर प्रत्येक वेळी १० ते १५ मिनिटे जातात. रात्रीच्या वेळा १०, १२, २, ४ आणि ६. मधल्या वेळात बाईला पडल्या पडल्या झोप लागली तरी सलग पावणेदोन तासांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि असे रोज, महिनोन् महिने. हे कुणाच्याही शरीराला झेपणारे नाही. म्हणून १२ची कूस होते, २ची राहते, ४ला डोळा उघडत नाही. सहा तास माणूस एकाच अंगावर राहतो. काही दिवसांनी माकडहाडावर लाल डाग दिसतो, मग कातडी सोलते, मग खड्डा पडतो, आणि घरचे म्हणतात, ‘बाईने लक्ष दिले नाही.’ ब्यूरोला फोन जातो, बाई बदलते. हिशेब तोच राहतो आणि जखम वाढत जाते.

मार्ग आहेत, आणि ते सगळे घरच्यांच्या हातात आहेत. १२-१२ तासांच्या दोन बाया ठेवाव्यात. ते परवडत नसेल तर रात्रीच्या दोन कुशी घरच्यांनी गजर लावून वाटून घ्याव्यात. गादी चांगली असेल आणि कातडी निरोगी असेल तर रात्रीचे अंतर ३-४ तासांपर्यंत वाढवता येते, पण ते नर्सने किंवा डॉक्टरांनी अंग पाहून ठरवायचे, थकलेल्या बाईने आपल्या मनाने नाही.

आता खुद्द कूस बदलण्याविषयी. हे ‘कोणालाही येईल असे’ काम मानले जाते, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होते.

समजा आजोबा पाठीवर आहेत आणि त्यांना उजव्या कुशीवर घ्यायचे आहे. पलंगाची उशाकडची बाजू सपाट करायची. डावीकडचा कठडा वर करायचा आणि आपण उजवीकडे उभे राहायचे, कारण माणूस आपल्याकडे वळवायचा असतो, आपल्यापासून दूर नाही. त्यांचा उजवा हात अंगाखाली सापडणार नाही असा बाजूला ठेवायचा, डावा हात छातीवर, डावा गुडघा उभा. लघवीची पिशवी कुठल्या बाजूला आहे ते पाहायचे. मग ‘आजोबा, आता उजवीकडे वळवते हं’ असे सांगायचे. न सांगता वळवले की माणूस दचकून अंग ताठ करतो आणि वजन दुप्पट वाटते. एक हात खांद्याच्या मागे, एक कमरेच्या हाडामागे, स्वतःचे गुडघे थोडे वाकलेले, आणि एका लयीत वळवायचे. दंड धरून ओढायचे नाही. लकवा झालेल्या बाजूचा दंड ओढला तर खांद्याचा सांधा निसटतो, आणि ते दुखणे रुग्णाला नीट सांगताही येत नाही.

वळवल्यावर काम संपत नाही, खरे काम तिथून सुरू होते. पूर्ण ९० अंशांच्या कुशीवर सगळा भार मांडीच्या वरच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून अंग साधारण ३० अंशच तिरके ठेवायचे. खालचा खांदा थोडा पुढे काढायचा. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली अशी उशी, की टाचा गादीला टेकणारच नाहीत. टाचेखाली तळहात सहज सरकला पाहिजे. कान दुमडलेला नाही ना, नळी अंगाखाली नाही ना, चादरीला आणि डायपरला सुरकुती नाही ना, हे पाहायचे. मग भिंतीवरच्या कागदावर वेळ आणि बाजू लिहायची.

वर सरकवताना होणारी चूक याहून वाईट. माणूस पलंगावर खाली घसरला, की एकटी बाई त्याच्या काखेत हात घालून वर ओढते. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतले हाड पुढे सरकते. मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. वरून काही दिसत नाही, आतून मांस मरू लागते. यासाठी कमरेखाली आडवी दुपदरी चादर कायम ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा धरून माणसाला उचलून वर घ्यायचे. दुसरे माणूस घरातले असले तरी चालते. पलंगाची उशाकडची बाजू ३० अंशांहून उंच फार वेळ ठेवली तरी माणूस हळूहळू घसरतो आणि तोच घासा माकडहाडावर बसतो. भरवताना मात्र उंच बसवावेच लागते. म्हणून जेवणानंतर अर्धा ते पाऊण तास उंच, मग पुन्हा खाली, असा क्रम सांभाळावा लागतो. हे का करायचे ते ज्या बाईला कळले आहे, ती दोन्हीचा मेळ घालते. जिला नुसते ‘उंच बसव’ एवढेच सांगितले आहे, ती दिवसभर उंचच ठेवते.

लाल डाग दिसला तर बोटाने ३ सेकंद दाबून सोडायचे. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, त्या अंगावर निजवायचे नाही. दाबूनही लाली तशीच राहिली तर दाबजखमेची (बेडसोरची) पहिली पायरी सुरू झालेली आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा आजूबाजूच्या मानाने ती जागा गरम किंवा गार, कडक किंवा पिचपिचीत लागते का, जांभळट दिसते का, हे हाताने आणि उजेडात पाहायचे. अशा जागेला चोळायचे नाही. पाठीला स्पिरिट-पावडर चोळण्याची जुनी पद्धत अनेक घरांत अजून प्रेमाने चालू आहे. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, घामाने पावडरीच्या गुठळ्या होतात आणि चोळण्याने आधीच दुखावलेले आतले मांस आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिच्या काठाने भोवतीचा रक्तपुरवठा दाबला जातो.

हवेची गादी आणली की कूस बदलायची गरज नाही, असा समज तर सुशिक्षित घरांतही आहे. गादी अंतर वाढवायला मदत करते, कूस रद्द करत नाही. पंपावरचा आकडा रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावलेला असतो का ते पाहावे. गादीच्या खाली, माकडहाडाच्या रेषेत, तळहात वर करून हात सरकवावा. हात आणि हाड यांच्यामध्ये साधारण एक इंच हवा जाणवली पाहिजे. वर मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर दुपटे असे चार थर घातले तर त्या महागड्या गादीचा उपयोग राहत नाही.

एवढे सगळे एका कुशीत आहे. आमचे म्हणणे असे, की हे कसब आहे, आणि कसब हाताला शिकवावे लागते. एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रम २ वर्षांचा, जीएनएमचा (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिसेवा) ३, बीएस्सी नर्सिंगचा ४. आशा कार्यकर्तीलाही सुरुवातीचे २३ दिवसांचे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत ठरली होती. आणि अंथरुणावरच्या माणसाजवळ जी दिवसाचे सगळ्यात जास्त तास असते, ती बहुतेक घरांत एका दिवसाचेही शिक्षण न घेता येते. जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे कौशल्य चौकटीतले अभ्यासक्रम देशात आहेत. अडचण आहे ती शिकवण्याच्या रीतीत आणि त्याला किंमत देण्याच्या तयारीत.

रीतीबद्दल थोडे. वर्गात खुर्च्यांवर बसवून, पडद्यावर चित्रे दाखवून कूस बदलणे शिकवता येत नाही. आधी शिकवणारीने करून दाखवायचे, एकदा न बोलता सलग, एकदा प्रत्येक हालचालीचे कारण सांगत. मग शिकणाऱ्यांनी एकमेकींवर करायचे. यात प्रत्येकीने रुग्ण व्हायचे: हातपाय न हलवता पडून राहायचे, निजलेल्या अवस्थेत दुसरीच्या हातून चमचाभर पाणी प्यायचे, बेडपॅनवर दहा मिनिटे बसायचे. त्या दहा मिनिटांत जे कळते ते तासभर बोलूनही कळत नाही. त्यानंतर खऱ्या रुग्णावर, शिकवणारीचा हात सोबत. मग शिकवणारी फक्त पाहते. आणि महिन्याभराने पुन्हा एकदा पडताळणी, कारण घाईत हाताला चुकीच्या सवयी लागतात. एका शिकवणारीमागे ८-१० जणींपेक्षा जास्त असतील तर हे होत नाही. आमच्या मते घरी रुग्ण सांभाळण्यासाठी निदान ३ महिने हवेत, आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ वॉर्डात.

इंदूरला हे समजावून सांगायची गरज पडू नये. २०१७ पासून अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या या शहराने ओला-सुका कचरा वेगळा करणे भाषणातून शिकले नाही. गाडी रोज दारात आली, मिसळलेला कचरा घेतला गेला नाही, पुन्हा दाखवले गेले, पुन्हा तपासले गेले. आज इथले शाळकरी पोरही डायपर कुठल्या डब्यात जातो ते सांगते. हाताला सवय लागण्याची ती रीत सेवाशुश्रूषेलाही तशीच लागू पडते.

भरवण्याकडे वळतो. पक्षाघातानंतर गिळणे मंदावलेल्या माणसाला सगळ्यात धोक्याचे असते ते साधे पाणी आणि सगळ्यात फसवे असतात ते आपले पोहे. पाणी जिभेवरून इतक्या झटकन खाली जाते, की घसा मिटायच्या आत ते श्वासनळीत शिरते. पोहे तोंडात सुटे होतात, वरून शेव असेल तर तिचा भुगा गालात अडकतो आणि निजल्यावर आत जातो. पातळ रस्सा आणि त्यात फोडी, असे दोन प्रकारचे घासही त्याच कारणाने वाईट. घोटलेला वरणभात, मऊ दलिया, रव्याची खीर असे एकजीव, चमच्यावरून सावकाश घसरणारे अन्न बरे. माणसाला पाठ टेकून सरळ बसवायचे, हनुवटी किंचित छातीकडे, चहाच्या चमच्याने अर्धा चमचा, आणि पहिला घास गिळलेला गळ्याशी दिसल्याखेरीज दुसरा नाही. शेवटी तोंड उघडून गालाच्या आत पाहायचे. खाताना खोकला येणे, आवाज ओला-घरघरता होणे, डोळ्यांत पाणी येणे, ही थांबण्याची खूण. रात्री कवळी काढून, दात किंवा हिरड्या मऊ ब्रशने घासून निजवणे हे काम सगळ्यांत जास्त वेळा टळते. न घासलेल्या तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो.

नाकात अन्नाची नळी असेल तर नाकपुडीशी नळीवर चिकटपट्टीची खूण असते. प्रत्येक वेळी आधी ती जागेवर आहे का पाहायचे. सरकलेली दिसली, तर काहीही न घालता नर्सला बोलवायचे. नळी पुन्हा आत सारणे हे अटेंडंटचे काम नाही. रुग्ण ३० ते ४५ अंश उंच, आधी ३० मिली कोमट पाणी, मग फडक्यातून गाळलेले २०० ते २५० मिली अन्न १५-२० मिनिटांत, सिरिंजचा दट्ट्या काढून, नुसत्या उंचीने उतरू द्यायचे. दट्ट्याने ढकलले की उलटी होते. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. नळ्या तुंबतात त्या बहुतेक न गाळलेल्या डाळीने आणि अन्नातच कुटून घातलेल्या गोळ्यांनी. कुठली गोळी कुटायची नाही हे औषध लिहिणाऱ्यालाच विचारावे. काही गोळ्यांवरचे आवरण हळूहळू विरघळण्यासाठीच असते, ती कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

लघवीच्या पिशवीबद्दल एवढेच: ती कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता, पलंगाच्या चौकटीला अडकवायची, वरखाली होणाऱ्या कठड्याला नाही. खुर्चीत बसवताना बाया पिशवी रुग्णाच्या मांडीवर किंवा पोटावर ठेवतात आणि जुनी लघवी उलटी आत जाते. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करून मिली लिहून ठेवायचे.

इन्शुलिनबद्दल मात्र थांबून सांगायला हवे, कारण इथली चूक काही तासांत जीव घेते. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलीत ४० युनिटची आणि एका मिलीत १०० युनिटची. पेनमधली काडतुसे १०० ची. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. पेन बिघडले म्हणून किंवा दुकानदाराने वेगळी बाटली दिली म्हणून त्याच सिरिंजने १०० च्या इन्शुलिनमधून २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. उलटा घोळ झाला, नारिंगी सिरिंज आणि ४० ची बाटली, तर २० च्या रेघेला जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर चढत राहते. बाई अक्षर-आकडा वाचणारी असली तरी ‘वीसच्या रेघेपर्यंत’ या तोंडी सूचनेत ही चूक दिसत नाही. म्हणून अटेंडंटने इन्शुलिन भरू नये, ते घरच्याने किंवा नर्सने भरावे. बाईला दोन गोष्टी पक्क्या शिकवाव्यात. रुग्ण जेवला नाही तर इन्शुलिन द्यायच्या आधी ते ओरडून सांगायचे. आणि साखर कमी झाल्याची लक्षणे: थंड घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे, म्हाताऱ्या माणसात कधी नुसती गुंगी. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर ३ चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. कुशीवर वळवायचे आणि १०८.

आता एक गोष्ट खास आपल्या शहराची. स्मृतिभ्रंश झालेला माणूस पुष्कळदा मागून शिकलेली भाषा आधी विसरतो आणि बालपणीच्या भाषेत परततो. आयुष्यभर बाजारात अस्खलित हिंदी बोललेल्या आजी शेवटी फक्त मराठीत बोलू लागतात, आणि शेजारी बसलेल्या बाईची भाषा निमाडी, मालवी किंवा भिली. आजी म्हणतात, ‘पायाची आग होतेय’. बाई आग म्हणजे विस्तव समजते आणि म्हातारी भ्रमात आहे असे घरच्यांना सांगते. खरे तर ती मधुमेहाची जळजळ असते. ‘हाताला मुंग्या आल्या’ म्हटले की बाई चादर झटकते, कारण तिच्या भाषेत त्याला झुनझुनी म्हणतात. मळमळ, घेरी, धाप, कळ, ठणका, लघवी तुंबणे, पोट गच्च होणे, गुदमरणे: असे ३०-४० मराठी शब्द, त्यांचे हिंदी अर्थ आणि प्रत्येकावर काय करायचे, एवढा कागद प्रत्येक मराठी घराने बाईला पहिल्याच दिवशी द्यावा, वाचता येत नसेल तर रोज पाच शब्द तोंडी शिकवावेत. शहरातली मराठी मंडळे आणि ज्येष्ठांचे संघ असा कागद छापून वाटू शकतात. त्याला फारसा खर्च नाही. आणि ‘रात्री फार त्रास देतात’ या तक्रारीवर झोपेची गोळी मागण्याआधी लघवी, तहान, शौच, थंडी आणि दुखणे ही पाच कारणे क्रमाने पाहावीत.

सांभाळणारीच्या अंगाचीही काळजी घ्यावी लागते. एकट्या बाईने ६०-७० किलोचा माणूस उचलायचा नाही. खुर्चीत घेताना खुर्ची पलंगाच्या जवळ, रुग्णाच्या चांगल्या बाजूला, थोडी तिरकी. चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक लावलेला, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. कमरेला रुंद पट्टा बांधून, त्याला धरून, माणसाला स्वतःच्या चांगल्या पायावर भार घ्यायला लावायचा. सुईचे टोपण परत लावायचे नाही, सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत. टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच रुग्णालयात जायचे. एचआयव्हीच्या बचावाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिने अशी तीन डोसांत घ्यायची असते. तिचा खर्च ज्या घरासाठी ती राबते त्या घराने करावा असे आम्हाला मनापासून वाटते.

या कामाला किंमत का नाही, याचे उत्तर घरातच सापडते. हेच काम घरची सून, मुलगी, पत्नी करते तेव्हा ते फुकट असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. घरातल्यांची सेवा-देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची १३४, पुरुषांची ७६. जे काम आईने आणि बायकोने पैसे न घेता केले, त्याला बाहेरच्या बाईने पैसे मागितले की ते महाग वाटते. आयुर्वेदात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, जिव्हाळा आणि शुचिता. बाई ठेवताना आपण शेवटचे तीन विचारतो: मेहनती आहे ना, प्रेमळ आहे ना, स्वच्छ आहे ना. यादीत पहिले आहे ते ज्ञान. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानड्यांनी परक्याच्या शुश्रूषेचे काम कमीपणाचे मानणाऱ्या समाजातल्या स्त्रियांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे आणले. त्याला शतक उलटून गेले. अंथरुणावरच्या माणसाचे मळ-मूत्र काढणाऱ्या बाईला वेगळा कप देणारी घरे मात्र आजही आहेत, आणि हे लिहिताना वाईट वाटते.

म्हणून चार मागण्या. रुग्णालयांनी डिस्चार्जच्या दिवशी दारात फाइल हातात देऊन सूचना सांगू नयेत. घरी जाण्याच्या निदान तीन दिवस आधी घरचे एक माणूस आणि येणारी बाई, दोघांना वॉर्डात बोलवावे आणि कूस, भरवणे, नळी, पिशवी ही कामे नर्ससमोर प्रत्येकी तीन वेळा करून घ्यावीत. ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. करून दाखवायला सांगितले की कळते. १९४८ पासून मेडिकल कॉलेज आणि सोबत नर्सिंगचे शिक्षण असलेल्या या शहरात शिकवणाऱ्या हातांची वाण नाही. संध्याकाळचे वॉर्डातले वर्ग सुरू करणे अवघड नाही.

ब्यूरोंनी प्रत्येक बाईबरोबर दोन गोष्टी लेखी द्याव्यात: तिला कोणती कामे येतात आणि ती कोणी तपासली, तसेच घराकडून घेतलेल्या रकमेतले तिच्या हातात किती पडतात. दुसरा आकडा बाईलाही माहीत असायला हवा, आज तो बहुधा तिच्यापासून लपलेला असतो.

घरच्यांनी आठवड्याला एक सुट्टी, दिवसात सलग ७ तास झोपेची सोय, वेगळी गादी, तेच जेवण, आणि महिन्याची ठरलेली तारीख एवढे कागदावर लिहून द्यावे. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर तिची नोंदणी झालेली नसेल तर घरातल्या शिकलेल्या माणसाने बसून ती करून द्यावी. घर हेही कामाची जागा आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरात काम करणारीलाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे तिला पहिल्या दिवशी सांगावे.

आणि शेवटची मागणी आपल्या दैनिकाकडे. या पत्रासोबत आम्ही एका पानाचा तक्ता मराठी व हिंदीत पाठवत आहोत. वेळ, कोणती कूस, कातडी कशी, खाणे-पाणी किती मिली, लघवी किती मिली, शौच, साखर, असे रकाने त्यात आहेत. जागा झाल्यास तो कापून भिंतीला चिकटवता येईल एवढ्या आकारात छापावा. सगळे रकाने बाईने भरायचे आहेत. फक्त शेवटचा, ‘बाई किती तास झोपली’ हा रकाना रोज सकाळी घरच्यांनी भरायचा आहे.

आपल्या,
परिचर्या शिकवणाऱ्या काही निवृत्त शिक्षिका
इंदूर